मोडीचा ऱ्हास आणि यंत्रावरील आळ

हस्ताक्षराच्या ऱ्हासाविषयीची चर्चा बहुधा एका ठरावीक सूत्राने चालते. हाताने लिहिण्याची कला पूर्वी समाजात रुजलेली होती. पुढे छापखाना आला, टंकयंत्र आले, संगणक आला, हातातला दूरध्वनी आला. यंत्राच्या प्रत्येक पावलाबरोबर हात मागे सरकत गेला, असे ते सूत्र. मराठीपुरते बोलायचे तर या सूत्राचा पहिला व सर्वांत मोठा दाखला म्हणून मोडी लिपीकडे बोट दाखविले जाते. मोडी ही जोडून, गोलाईने, वेगाने लिहावयाची लिपी. तिची अक्षरे एकमेकांत गुंतलेली. ती खिळ्यांत बसणे कठीण. म्हणून मुद्रणाने तिला बाजूस सारले व टंकलेखनाने तिचा शेवट केला, हे मत पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून इतक्या वेळा मांडले गेले आहे की, त्याची परीक्षा करण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली आहे. प्रस्तुत लेखात या मताची चिकित्सा करावयाची असून, मोडीच्या बाबतीत यंत्रावर आलेला हा आळ कितपत खरा आहे आणि आजच्या हस्तलेखनाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध कोणता, हे पाहावयाचे आहे.

१

प्रथम मोडी म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट करणे अवश्य आहे. मोडीला पुष्कळदा 'देवनागरीची शीघ्रलिपी' म्हटले जाते. हे वर्णन अपुरे आहे. शीघ्रलिपीत चिन्हांची स्वतंत्र व्यवस्था असते आणि ती लिहून झाल्यावर पुन्हा नेहमीच्या लिपीत उतरवून घ्यावी लागते. मोडीतील कागद मात्र मोडीतच लिहिला जाई, मोडीतच वाचला जाई आणि मोडीतच दप्तरात पडे. लिहिणारा प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली, बोरू शक्य तेवढा कमी उचलून, अक्षरांची साखळी गुंफीत जाई. शब्द संपला म्हणून रेषा तुटत नसे. दोन शब्दांत जागा सोडण्याची किंवा विरामचिन्हे देण्याची रीत नव्हती. काना, वेलांटी, उकार ही चिन्हे पुष्कळदा अक्षराच्या शेवटच्या वळणातूनच निघत, त्यामुळे स्वराप्रमाणे अक्षराचे अंगच बदलून जाई. इकार आणि उकार यांच्या बाबतीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद रूढ लेखनात पाळला जात नसे. नेहमीचे मायने, पदव्या, कालगणनेचे शब्द यांची संक्षिप्त रूपे ठरून गेलेली होती.

या लिपीचे जनकत्व परंपरेने देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री हेमाद्री याजकडे दिले जाते. एखादी धावती लिपी एका व्यक्तीने एका दिवशी निर्माण करावी, हे लिपींच्या सामान्य इतिहासाशी जुळणारे नाही. तथापि, या परंपरेत एक तथ्य सूचित झाले आहे. मोडीचा जन्म राज्यकारभाराच्या गरजेतून झाला, आणि तिचे माहेर पोथी नव्हे तर दप्तर होते, हे त्या परंपरेला माहीत होते. पोथीसाठी बाळबोध आणि दप्तरासाठी मोडी, अशी कामाची वाटणी मराठी समाजाने कित्येक शतके सांभाळली. दासबोधात एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात लेखनक्रियेचे निरूपण आले आहे, आणि ते बाळबोध अक्षराविषयी आहे. कारण तेथे ग्रंथलेखनाचा विचार चालला आहे. एकाच भाषेसाठी, एकाच समाजात, दोन लिपी दोन वेगळ्या प्रयोजनांसाठी नांदाव्यात, या अवस्थेला द्विलिपित्व म्हणता येईल. मोडीचा ऱ्हास म्हणजे मुळात या द्विलिपित्वाचा अंत होय. हस्ताक्षराचे सौंदर्य लोपले, एवढाच त्याचा अर्थ नाही.

२

आता यंत्रावरील आरोपाकडे वळता येईल. मोडी खिळ्यांत बसत नाही, हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी याने १८०५ साली मराठीचे व्याकरण देवनागरीत छापले, आणि १८१० साली छापलेल्या त्याच्या कोशात मराठी शब्दांसाठी मोडीचेच खिळे वापरले. म्हणजे मराठी मुद्रणाच्या अगदी पहाटेस मोडी छापून दाखविली गेली होती. पुढे शिळाप्रेस आला. त्यात हाताने लिहिलेले जसेच्या तसे दगडावरून उमटत असल्यामुळे जोडाक्षरांची किंवा गुंफणीची अडचण उरतच नव्हती. तरीही मराठी ग्रंथमुद्रण बाळबोधीकडे वळले. १८३१ मध्ये प्रसिद्ध झालेला मोल्सवर्थचा कोशही बाळबोधीत आहे. छापखान्याला मोडी अशक्य होती असे नव्हे, तर छापखान्याने आधीपासूनच्या वाटणीचा स्वीकार केला. ग्रंथ ही पोथीची वारस वस्तू होती, म्हणून ग्रंथाला पोथीचीच लिपी मिळाली.

याहून अधिक बोलका पुरावा शेजारच्या भाषेत आहे, आणि तो पाहण्यासाठी पेठसारखे ठिकाण दुसरे नाही. नाशिकहून निघालेला रस्ता पेठवरून घाट उतरून धरमपूर, वलसाडकडे जातो. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कोकणा समाज राहतो आणि दोन्हीकडे घरात कोकणा बोलीच बोलली जाते. १ मे १९६० पासून मात्र ही वस्ती दोन राज्यांत आहे. पेठकडील मूल शाळेत बाळबोध गिरवते आणि धरमपूरकडील मूल गुजराती अक्षरे गिरवते. ही गुजराती लिपी मूळची कोणती? तीही नागरीपासून निघालेली धावती लिपी. व्यापाऱ्यांच्या वहीखात्यांची आणि पत्रांची. गुजरातेतही ग्रंथ देवनागरीत आणि व्यवहार धावत्या अक्षरांत, अशीच वाटणी होती. तेथे शिरोरेषा गळाली, येथे ती सबंध ओळीची झाली, एवढाच बाह्य फरक. परंतु मुंबईत १७९७ च्या सुमारास एका वृत्तपत्रीय जाहिरातीत गुजराती अक्षरांचे खिळे वापरले गेले. फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ मध्ये छापखाना काढला आणि १८२२ मध्ये 'मुंबई समाचार' सुरू केले. व्यापारी वर्गाने आपली वहीची लिपीच छापखान्यात नेली आणि कालांतराने देवनागरीला ग्रंथांतूनही बाजूस सारले. एकाच मूळ स्थितीतून, जवळजवळ एकाच काळात, एकाच शहरातील छापखान्यांतून दोन उलट परिणाम निघाले. यंत्र दोन्हीकडे सारखेच होते. तेव्हा परिणामातील भेदाचे कारण यंत्रात शोधणे तर्काला धरून होणार नाही.

मुद्रणाने एखादी धावती लिपी तारलीच पाहिजे असेही नाही, हे बिहारमधील कैथीच्या इतिहासावरून कळते. कायस्थांच्या कचेरीतील ही लिपी १८८० मध्ये बिहारच्या न्यायालयांची अधिकृत लिपी ठरविण्यात आली. तिचे खिळे पाडले गेले, तिच्यात पुस्तके निघाली. तरीही नागरीच्या चळवळीपुढे आणि शाळेतील नागरीपुढे ती टिकली नाही. गुजराती छापली गेली व टिकली. कैथी छापली गेली व गेली. मोडी छापून पाहिली गेली, पण छापखान्यात रुजली नाही, आणि तरीही त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे कचेऱ्यांत व घरांत सुखाने चालत राहिली. या तीन उदाहरणांतून छापखाना हे निर्णायक कारण म्हणून निष्पन्न होत नाही.

३

मग निर्णायक काय होते? पहिली गोष्ट कारभारातील एकरूपतेची. मुंबई इलाख्यात मराठी, गुजराती, कन्नड आणि सिंधी भाषकांचे प्रदेश एकत्र होते. इलाख्याच्या सरकारने २५ जुलै १९१७ रोजी सरकारी कामकाजाची मुख्य लिपी म्हणून मोडीऐवजी बाळबोध स्वीकारण्याचे ठरविले. हे वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. त्या काळी तालुका कचेऱ्यांत मराठी टंकयंत्र हे सर्वत्र रुळलेले साधन नव्हते. मोडीची जागा जिने घेतली ती बाळबोधही हातानेच, टाकाने लिहिली जात होती. म्हणजे मोडीचा पाडाव झाला तो एका हस्तलेखनाने दुसऱ्या हस्तलेखनाचा केलेला पाडाव होता. भारतीय बनावटीचे पहिले टंकयंत्र गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये बाजारात आणले, तेव्हा मोडी शाळेतून निघून जाण्याच्या बेतात होती. ज्याचा प्रवेश झाला त्या वेळी मृत्यू घडून चुकला होता, त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट लेखकवर्गाची. मोडी ही सर्वांची लिपी कधीच नव्हती. ती कारकून, कुलकर्णी, देशपांडे, सावकार व त्यांचे दिवाणजी यांची लिपी होती. वतनदार कुलकर्ण्याच्या घरी ती बापाकडून मुलाकडे जात असे. मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द केली, आणि गावचे दप्तर पूर्णपणे पगारी तलाठ्याकडे आले. तलाठ्याचे शिक्षण शाळेत झालेले; शाळा बाळबोधीची. अशा रीतीने मोडीचे घरगुती विद्यापीठच बंद झाले. या बदलाबद्दल केवळ हळहळ व्यक्त करणे योग्य होणार नाही. जी लिपी गावातील एक-दोन घरांनाच वाचता येत होती, त्या लिपीतील कर्जरोखा कुळाला वाचता येत नव्हता. त्यावर तो अंगठा उठवीत असे. बाळबोधीच्या एकछत्री अंमलाने साक्षर कुळाला स्वतःचा कागद वाचण्याची निदान शक्यता दिली. मोडीच्या गौरवपर लेखनात ही बाजू क्वचितच येते.

४

मोडीच्या लोपाचा एक परिणाम भाषाशास्त्राच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नव्हता, यावरून मोडी ही 'अशुद्ध' लिपी होय, असा ग्रह रूढ झाला. वस्तुतः मराठीच्या स्वतःच्या शब्दसंपत्तीत हा भेद बहुतांशी स्थानावरून ठरतो. शब्दाच्या अंती येणारा इकार-उकार दीर्घ उच्चारला जातो. त्यानंतरचे अक्षर अकारान्त असेल तर उपान्त्य स्वर दीर्घ होतो. पुढे दीर्घ स्वर आला की तो ऱ्हस्व होतो. 'फूल' पण 'फुलाला', 'कीड' पण 'किडा', ही रूपे याच नियमाने सिद्ध होतात. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांसारख्या केवळ ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलणाऱ्या जोड्या मुख्यतः संस्कृतातून आलेल्या शब्दांमुळे निर्माण होतात. दप्तरी गद्यात अशा जोड्यांमुळे घोटाळा होण्याचा प्रसंग विरळाच. तेव्हा स्थानावरून कळणारी गोष्ट चिन्हाने पुन्हा न सांगणे, ही मोडीची काटकसर भाषेच्या रचनेशी सुसंगत होती.

बाळबोध हीच एकमेव लिपी झाल्यावर मात्र पोथीची शिस्त व्यवहारावर आली. जो भेद पत्र लिहिणाऱ्याला कधी करावा लागला नव्हता, तो प्रत्येक विद्यार्थ्याला करावा लागू लागला, आणि शुद्धलेखनाचा दीर्घ वाद उत्पन्न झाला. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा नियम केले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर घातली. अंत्य इकार-उकार दीर्घ लिहावा, तत्सम शब्दांतही 'कवी', 'गुरू' असे लिहावे, हा त्यांतील नियम म्हणजे मोडी ज्या तत्त्वावर चालत होती त्याच तत्त्वाचा बाळबोधीत झालेला अंशतः स्वीकार होय. मराठी शुद्धलेखनाच्या इतिहासात मोडीचा उल्लेख सहसा येत नाही. परंतु द्विलिपित्वाचा अंत लक्षात घेतल्याशिवाय हा वाद विसाव्या शतकातच इतका तीव्र का झाला, याचा उलगडा होणे कठीण आहे.

५

यंत्राला मोडीच्या आरोपातून मुक्त केले, तरी आजच्या हस्तलेखनाच्या बाबतीत तो सर्वस्वी निर्दोष आहे असे नाही. आता ऱ्हास होत आहे तो बाळबोध हस्ताक्षराचा. पाश्चात्त्य देशांत याच विषयावर वाद चालू आहे. अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांनी २०१० नंतर स्वीकारलेल्या समान अभ्यासक्रमात जोडाक्षरी लेखनाची सक्ती नव्हती. फिनलंडने २०१६ पासून ती काढून टाकली. उलट कॅलिफोर्नियाने २०२३ च्या कायद्याने ते लेखन प्राथमिक वर्गांत पुन्हा आणले. हाताने टिपणे काढल्याने विषय अधिक चांगला समजतो, असा निष्कर्ष २०१४ मध्ये म्यूलर व ओपेनहायमर यांनी काढला. परंतु त्या प्रयोगाच्या पुनरावृत्तींत तो तितक्या ठामपणे टिकला नाही. तेव्हा त्या आधारावर मोठी विधाने करणे धाडसाचे ठरेल.

मराठीत प्रश्न वेगळ्या ठिकाणी आहे. जुन्या टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटवावी लागे, कारण कागदावर ती आधी येते. तेथे बोटाची चाल डोळ्याच्या चालीप्रमाणे होती. संगणकासाठी सिद्ध झालेल्या 'इन्स्क्रिप्ट' कळपाटावर व्यंजन आधी व स्वर मागून येतो. ही चाल उच्चाराप्रमाणे आहे, आणि बाराखडीच्या तत्त्वाशी ती जुळते. या दोन्ही पद्धतींत लिहिणारा मराठी अक्षरांचाच विचार करतो. आज बहुसंख्य तरुण ज्या पद्धतीने दूरध्वनीवर मराठी लिहितात, त्या पद्धतीत तो विचार रोमन अक्षरांतून होतो. 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ', 'श' आणि 'ष' यांतील निवड, तसेच ऱ्हस्व-दीर्घाची निवड, रोमन अक्षरांना पाहून यंत्र सुचविते आणि लिहिणारा तिला केवळ संमती देतो. मोडीने ऱ्हस्व-दीर्घ सोडले होते, पण 'ण' आणि 'ळ' सोडले नव्हते. कारण ते भेद भाषेत जिवंत आहेत. मोडीतील काटकसर भाषा जाणणाऱ्याने केलेली होती. रोमन मार्गाने होणारी गळती मात्र परक्या वर्णमालेच्या मर्यादेतून होते. यंत्रावर आक्षेप घ्यावयाचा असेल तर तो हस्ताक्षराच्या वळणासाठी घेण्यापेक्षा या मधल्या वर्णमालेसाठी घेणे अधिक सयुक्तिक ठरेल. आणि 'इन्स्क्रिप्ट' शिकविणे हा त्यावरील उपाय हाताशीच आहे.

६

शेवटी मोडीच्या लोपाची किंमत आज कोण भरतो, याचा विचार केला पाहिजे. पेठ हा आदिवासी तालुका. १८७८ पर्यंत येथे लहानसे संस्थान होते. नंतर तो नाशिक जिल्ह्याचा भाग झाला. येथील विद्यार्थ्याला राखीव जागेवर प्रवेश किंवा नोकरी मिळवावयाची असेल तर जमातीच्या दाव्याची पडताळणी करून घ्यावी लागते. अनुसूचित जमातींसाठी त्यातील निर्णायक दिनांक ६ सप्टेंबर १९५० हा आहे. स्वातंत्र्यपूर्व कागदांना अशा दाव्यांत अधिक प्रमाणमूल्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. हे कागद म्हणजे कोतवालाने ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचे जुने रजिस्टर, हक्काचे उतारे. आणि महाराष्ट्रात या काळातील अशा नोंदींचा मोठा भाग मोडीत आहे. नोंद 'कोळी' एवढीच आहे की 'महादेव कोळी' अशी आहे, या एका शब्दावर दाव्याचे भवितव्य अवलंबून राहू शकते. ज्या आजोबाने ती नोंद करविली त्याला ती वाचता येत नव्हती, कारण लिपी कुलकर्ण्याची होती. ज्या नातवाला शिक्षण मिळाले त्यालाही ती वाचता येत नाही, कारण लिपी शाळेतून गेली. बाळबोधीने दिलेली मुक्ती मागच्या काळाला लागू होत नाही, ही या व्यवहारातील विसंगती होय.

हा प्रश्न केवळ आदिवासी तालुक्यांचा नाही, हे २०२३ मध्ये राज्यभर दिसून आले. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची टंचाई सरकारच्या ध्यानी आली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून मोडीवाचन हे इतिहासकारांचे शास्त्र मानले गेले. त्यामुळे पेशव्यांच्या पत्रांना वाचक मिळाले. कोतवालाच्या वहीला ते मिळाले नाहीत.

युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली स्थान मिळाले, आणि रुडकी येथील तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडी कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करणारी यांत्रिक पद्धती पुढे मांडली. जे यंत्र मोडीचे मारेकरी म्हणून ओळखले गेले, तेच आता तिच्या मदतीला येत आहे. हे स्वागतार्ह असले तरी त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. अशा यंत्राला शिकवावयाचे तर आधी जाणत्या माणसांनी वाचून दिलेले कागद लागतात. आणि त्याने वाचलेला शब्द न्यायासनापुढे ठेवावयाचा तर तो बरोबर आहे असे सांगणारा माणूसही लागतो.

तो माणूस घडविण्याचे काम मराठीच्या पदव्युत्तर विभागांनी आपले मानले पाहिजे. मोडी पुन्हा व्यवहारात आणावी, असा आग्रह धरण्याचे कारण नाही; वाचनापुरती मोडी पुरेशी आहे, असे मत पुष्कळांनी दिलेही आहे. मात्र त्यात एक अडचण आहे. धावत्या लिपीतील अक्षराला स्थिर रूप नसते. मागच्या अक्षरातून हात कसा आला आणि पुढच्या अक्षराकडे कसा गेला, यावर त्याचा आकार ठरतो. तक्त्यातील सुटे अक्षर ओळखणारा विद्यार्थी कागदावरील ओळीपुढे अडतो, तो याचमुळे. हाताची चाल कळल्याशिवाय डोळ्याला वळण कळत नाही. म्हणून मोडी वाचावयास शिकणाऱ्याने प्रथम शिरोरेषा ओढून ती लिहावयासच शिकले पाहिजे, आणि अभ्यासक्रमात लेखनाचे तास ठेवल्याशिवाय वाचनाच्या परीक्षेला अर्थ राहणार नाही.